मॉर्गन डॉलरची ग्रेड आणि फोटो: आधी प्रकाश समजून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. १८८१-एस आणि १८८३-ओ असे दोन मॉर्गन डॉलर, म्हणजे एका बाजूला लिबर्टीचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला गरुड असलेले अमेरिकेचे जुने चांदीचे डॉलर, घेतले आहेत (सालापुढचे ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची टांकसाळ, ‘ओ’ म्हणजे न्यू ऑर्लिन्सची). दोन्ही सुटे, स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद प्लॅस्टिक डबीत, नाहीत. विकणाऱ्याने दोन्ही एमएस ६४, म्हणजे चलनात न गेलेले आणि १ ते ७० च्या मोजपट्टीवर ६४ दर्जाचे, असे सांगून दिले. हातात धरल्यावर नाणी सुंदर दिसतात, पण मोबाइलवर फोटो काढला की गालावर ओरखडेच ओरखडे. त्यात १८८३ च्या नाण्यावर कानावरचे केस सपाट दिसतात, म्हणजे ते वापरलेले नाणे आहे का? ग्रेड खरी मानायची की फोटो?

दोन्ही शंकांचे मूळ प्रकाशात आहे. ग्रेड ठरवताना आपण नाणे प्रकाशाखाली फिरवत असतो, डोळा एकामागून एक शेकडो कोन पाहतो. फोटो त्यातला एकच कोन पकडतो, आणि तो चुकीचा पकडला तर चांगले नाणे भिकार दिसते किंवा भिकार नाणे चांगले. म्हणून आधी नाणे बघायचे कसे ते शिका, कॅमेरा नंतर.

टांकसाळीत ठसा बसतो तेव्हा चांदी मधून कडेकडे सरकते आणि पृष्ठभागावर अतिशय सूक्ष्म रेषा उमटतात. या रेषांवरून परतणारा प्रकाश म्हणजे लस्टर. नाणे दिव्याखाली कलते करून फिरवले की उजेडाचे दोन पट्टे मध्यबिंदूभोवती गोल फिरताना दिसतात. संग्राहक याला कार्टव्हील म्हणतात. मॉर्गनची ग्रेड ठरवताना सगळ्यात मोठा साक्षीदार हाच. हाताळल्याने उंच भागांवरच्या या रेषा आधी पुसल्या जातात आणि पट्टा तिथे येऊन तुटतो. नाणे घासले असेल तर पट्ट्यात एकाच दिशेच्या केसासारख्या रेघा चमकतात. रसायनात जास्त वेळ बुडवले असेल तर पट्टा फिरतच नाही, सगळीकडे सारखा मेलेला पांढरेपणा दिसतो.

बघण्यासाठी खोलीतले बाकीचे दिवे बंद करा आणि एकच दिवा ठेवा. जुन्या पद्धतीचा ६० वॅटचा पिवळा बल्ब टेबललॅम्पमध्ये लावला तर उत्तम. ट्यूबलाइट आणि पसरट एलईडी पॅनेल टाळा, त्यांच्या उजेडात बारीक रेघा लपतात. नाणे दिव्यापासून फूटभर अंतरावर, कडेला अंगठा आणि तर्जनीने धरून, खाली जाड मऊ कापड अंथरून. नाण्यावर तोंड धरून बोलू नका; थुंकीचे सूक्ष्म थेंब चांदीवर डाग पाडतात आणि ते काही महिन्यांनी वर येतात. पहिली नजर नुसत्या डोळ्याने टाका. मग ५ ते ७ पटीचे भिंग. १० पटीचे भिंग मिंट मार्क (टांकसाळीचे अक्षर), तारखेचे आकडे आणि खोटेपणा तपासायला ठेवा. ते घेऊन ग्रेड ठरवायला बसलात तर कोणतेच नाणे ६३ च्या वर जाणार नाही.

आता १८८३-ओ. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीतली बरीच नाणी कमी जोराने ठोकलेली आहेत. मॉर्गनमध्ये दर्शनी बाजूचा कानावरचा भाग आणि मागच्या बाजूची गरुडाची छाती हे दोन्ही खोल भाग साच्यात समोरासमोर येतात. दाब कमी पडला की धातू तिथे पूर्ण भरत नाही, त्यामुळे केस सपाट आणि छातीवरची पिसे गायब. साच्यात खोल असलेले हे भाग नाण्यावर उंच येतात आणि झीजही नेमकी तिथेच होते, म्हणून नवखा माणूस फसतो. फरक असा ओळखा: भिंगाखाली तो सपाट भाग बघत नाणे हळूहळू कलते करा. ठसाच कमी उमटला असेल तर सपाट भागावरही चमक येते, आणि कोऱ्या चकतीवरचे मूळ खरखरीत व्रण तिथे तसेच राहिलेले दिसतात. झीज असेल तर तो भाग गुळगुळीत, करडा आणि बाजूच्या चांदीपेक्षा वेगळ्या रंगाचा दिसतो. गालाचे उंचवटे, कपाळावरची केसांची कड, टोपीतल्या कापसाच्या पानांच्या कडा आणि मागे गरुडाच्या पंखांचा वरचा भाग व नख्या, हे सगळे याच पद्धतीने तपासा. केस सपाट पण गाल आणि पंखांवर पट्टा अखंड फिरतोय, तर नाणे न वापरलेलेच आहे. मात्र कमकुवत ठशामुळे ६५ किंवा त्यापुढे जाणे अवघड, कारण वरच्या ग्रेडमध्ये ठशाचा विचार होतोच.

सॅन फ्रान्सिस्कोच्या १८७९ ते १८८२ च्या नाण्यांची गोष्ट उलटी आहे. त्यांचा ठसा बहुधा भरीव असतो, चमक झगझगीत आणि कित्येकांची मोकळी पार्श्वभूमी आरशासारखी. म्हणून १८८१-एस वर कानावरचे केस सपाट दिसले तर ‘कमी ठोकले असेल’ हे कारण सहज मान्य करू नका, आधी झीज शोधा. प्रत्येक टांकसाळीचे नाणे त्याच्याच भावंडांशी ताडून बघायचे. १८८१-एस ची अपेक्षा १८८३-ओ कडून ठेवली की ग्रेड चुकते.

आकड्यांचे म्हणाल तर १ ते ७० ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी मांडली. मुळात ती किमतीशी बांधलेली होती, नंतर सगळ्या अमेरिकन नाण्यांना लावली गेली. ५० ते ५८ म्हणजे एयू, किंचित वापरलेले. ६० पासून पुढे एमएस, म्हणजे चलनात न गेलेले. ६० आणि ६१ ला खूप व्रण आणि बरेचदा मंद चमक, ६३ ला नजरेत भरतील इतके व्रण पण चमक ठीक, ६४ ला गालावर थोडेच आणि लहान, ६५ ला गाल जवळजवळ स्वच्छ आणि चमक जिवंत. एक गोष्ट लक्षात ठेवा: चांगले एयू ५८ नाणे दिसायला एमएस ६१ पेक्षा कितीतरी देखणे असते. पहिल्यांदा संग्रह करणाऱ्याने लेबलावरच्या आकड्यापेक्षा असे ५८ चे नाणे घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

न वापरलेल्या नाण्यावर व्रण कुठून येतात? ही नाणी हजाराच्या पिशव्यांत भरून ठेवली जात. एका नाण्याचे वजन २६.७३ ग्रॅम, म्हणजे पिशवी पावणेसत्तावीस किलोंची. ती उचलली, आपटली, एकीवर एक रचली गेली. एका डॉलरची कड दुसऱ्याच्या गालावर आदळली की कडेच्या खाचांचा छोटा कंगोरा तिथे उमटतो. म्हणून व्रण कुठे आहे हे त्याच्या लांबीपेक्षा महत्त्वाचे. केसांत किंवा पुष्पचक्रात दडलेला मोठा व्रण फारसा मोजला जात नाही. गालाच्या मधोमध किंवा नाकासमोरच्या मोकळ्या जागेतला तेवढाच व्रण ग्रेड एका पायरीने खाली आणतो. दर्शनी बाजूला जास्त वजन दिले जाते. मागची बाजू ६६ ची आणि समोरची ६३ ची असेल तर नाणे ६३ चेच.

टांकसाळीने किती नाणी पाडली या आकड्यावरूनही दुर्मिळता ठरवू नका. १९१८ च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेने २७ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले, आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनला विकली गेली ती हिंदुस्थानात रुपये पाडण्यासाठी. युद्धकाळात इथे कागदी नोटा परत करून चांदी मागणाऱ्यांची रीघ लागली होती. आपल्या घरात पंचम जॉर्जचा त्या काळातला रुपया असेल, तर त्यात वितळलेल्या मॉर्गनची चांदी असण्याची बरीच शक्यता आहे. कोणत्या सालाचे किती डॉलर भट्टीत गेले याची नोंद कोणी ठेवली नाही.

आता आपल्याकडच्या सवयीबद्दल कळकळीने सांगतो. चांदी काळी पडली की ती रांगोळी, राख, चिंच किंवा टूथपेस्ट लावून लखलखीत करायची, हे भांड्यांसाठी ठीक. नाण्याला हे केले की ते कायमचे गेले. टूथपेस्टमधली बारीक पूड त्या सूक्ष्म रेषा खरवडते, आणि मोठ्या ग्रेडिंग कंपन्या, म्हणजे १९८६ पासूनची पीसीजीएस आणि १९८७ पासूनची एनजीसी, अशा नाण्याला आकडा न देता ‘साफ केलेले’ असा शेरा मारून परत पाठवतात. लक्ष्मीपूजनात ठेवायला दुसरे नाणे वापरा. ओल्या हळदीकुंकवाचे डाग पुसताना रेघा पडतातच. चालते ते एकच: शुद्ध अ‍ॅसिटोन. प्लॅस्टिकच्या जुन्या मऊ पाकिटातून आलेला हिरवट चिकट थर त्याने निघतो. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेच्या वाटीत नाणे बुडेल इतके अ‍ॅसिटोन घ्या, दहा-पंधरा मिनिटे ठेवा, दुसऱ्या स्वच्छ वाटीत पुन्हा बुडवा, कडेने धरून उचला आणि वाऱ्यावर वाळू द्या. पुसायचे नाही. खिडक्या उघड्या, जवळपास गॅस किंवा दिवा पेटता नको. टोनिंग, म्हणजे चांदीवर चढलेला रंग, अ‍ॅसिटोनने जात नाही आणि तो घालवायचाही नसतो.

सुटे नाणे घेतले की खरेपणा तपासणे क्रमप्राप्त. व्यास ३८.१ मिमी. न झिजलेल्या नाण्याचे वजन २६.६३ ते २६.८३ ग्रॅमच्या आत हवे. झिजलेले थोडे कमी भरते, जास्त कधीच नाही. लोहचुंबकाला ते चिकटता कामा नये. वजन जमवलेले खोटे नाणे घनतेत सापडते. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर डिस्टिल्ड पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा, नाणे बारीक धाग्याने पूर्ण बुडेल असे लोंबकळत धरा, तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काटा २.५८ ते २.६० च्या आसपास दाखवेल, कारण ९० टक्के चांदीची घनता सुमारे १०.३ असते. २.९ किंवा ३ दाखवला तर नाणे खोटे. धाग्याला हवेचे बुडबुडे चिकटले की आकडा फुगतो, ते हलक्या हाताने झटका. बाहेर काढल्यावर नाणे मऊ सुती कापडावर टेकवून पाणी टिपा. तुमची दोन्ही नाणी सर्वसामान्य सालांची आहेत, त्यामुळे मिंट मार्क चिकटवण्याचा धोका कमी. पण १८९३-एस सारख्या फक्त १ लाख पाडलेल्या नाण्याच्या बाबतीत वजन बरोबर असूनही खात्री होत नाही, कारण फिलाडेल्फियाच्या खऱ्या १८९३ वर ‘एस’ चिकटवलेले नमुने फिरतात. खऱ्या १८९३-एस ची दर्शनी बाजू एकाच साच्यातून आली आहे आणि लिबर्टी शब्दातल्या ‘टी’ च्या वरच्या भागात एक बारीक उंचावलेली रेघ असते. ती नसेल तर पुढचे बोलणेच नको.

आता फोटो. मोबाइलवर ओरखडे का दिसतात याची तीन कारणे. ३८ मिमीचे नाणे संगणकाच्या पडद्यावर १५ सेंटिमीटरचे होते, म्हणजे तुम्ही न कळत चार पटीच्या भिंगातून बघत असता. फोन आपणहून कडा तीक्ष्ण करतो, त्यात व्रणांच्या कडाही येतात. आणि तिसरे, सगळ्यात मोठे: खिडकीचा उजेड बाजूने, खालच्या कोनातून आला की प्रत्येक बारीक खळग्याला सावली पडते. गाल खडबडीत दिसतो, तो असा.

उपाय म्हणजे दिवे वर घ्या. कॅमेरा बरोबर वर, सरळ खाली बघणारा. एकाच प्रकारचे दोन छोटे एलईडी दिवे, नाणे घड्याळाची तबकडी मानून १० आणि २ वाजण्याच्या जागी, लेन्सच्या जितके जवळ आणि जितके उंच नेता येतील तितके. टेबलापासून ६५ ते ७५ अंशांच्या कोनात. मग नाणे जागच्या जागी न फिरवता दिवेच दोन-दोन सेंटिमीटर सरकवत पडद्यावर बघा. एका ठिकाणी कार्टव्हीलचे पट्टे चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना येतात आणि गाल मऊ उजळतो. तीच जागा. दिव्यावर ट्रेसिंग पेपर लावण्याचा सल्ला बरेच जण देतात. न वापरलेल्या चांदीसाठी तो चुकीचा. उजेड फार पसरला की लस्टर मरतो आणि एमएस ६५ चे नाणे बुडवून पांढरे केल्यासारखे दिसते. अगदीच टोचणारी चमक येत असेल तर एकच पातळ थर लावा.

कॅमेरा असेल तर ९० ते १०५ मिमीची मॅक्रो लेन्स घ्या. तिचे नाण्यापासूनचे अंतर जास्त राहते, त्यामुळे दिवे उंच नेता येतात. ५० मिमीच्या लेन्सने हीच जागा अडते. आयएसओ १००, मॅन्युअल मोड, छिद्र एफ ५.६ किंवा फार तर ८. जास्त खोली मिळावी म्हणून एफ १६ वर जाऊ नका. इतक्या जवळून लेन्सचे परिणामी छिद्र आणखी लहान होते आणि विवर्तनाने सगळे चित्र मऊ पडते. मॉर्गनचा उठाव मिलिमीटरच्या आतला आहे, तो एफ ५.६ च्या टप्प्यात साधारण बसतो. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये १० पट मोठे करून कानाजवळच्या केसांवर हाताने साधा. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही.

नाणे आणि सेन्सर समांतर आहेत की नाही हे डोळ्याने कळत नाही. नाण्याच्या जागी एक छोटा सपाट आरसा ठेवा आणि व्ह्यूफाइंडरमधून बघा: लेन्सचे स्वतःचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्ये आले की समांतर. नाही आले तर कॅमेरा कलवा. हे एकदा केले नाही तर तारीख स्पष्ट आणि टोपी धूसर, असे फोटो येत राहतात आणि दोष लेन्सला दिला जातो.

रंगासाठी व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. त्याच दिव्यांत राखाडी कार्ड ठेवून कस्टम सेट करा, आणि खोलीतला दुसरा कुठलाही दिवा चालू नको. एक पिवळा बल्ब कोपऱ्यात जळत असला तरी नाण्याच्या एका कडेला तपकिरी झाक येते. पार्श्वभूमी काळी असेल तर कॅमेरा जास्त उजेड घेतो आणि गाल पांढरा फटक होतो, त्यात सगळे व्रण गडप. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, उजव्या टोकाला टेकू देऊ नका. विकणाऱ्यांच्या कित्येक फोटोंत नेमके हेच झालेले असते. असा अतिउजळ फोटो दिसला की नाणे कलते करत घेतलेला दहा सेकंदांचा व्हिडिओ मागा.

फोनवरच काढायचे असेल तर जवळ नेण्याचा मोह आवरा. फार जवळ गेल्यावर फोन आपोआप वाइड लेन्सच्या मॅक्रोवर जातो आणि स्वतःचीच सावली नाण्यावर पाडतो. दोन पट लेन्स निवडा, फोन दोन सारख्या उंचीच्या पुस्तकांच्या थप्प्यांवर आडवा टेकवा, अंतर १५ ते २० सेंटिमीटर, फोनच्या पडद्यावर केसांच्या जागी बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, उजेड थोडा कमी करा.

आरशासारख्या नाण्यांना आणि रंग चढलेल्यांना वेगळी युक्ती लागते. तुमच्या १८८१-एस ची पार्श्वभूमी आरशासारखी असेल तर वरच्या पद्धतीत ती काळी पडेल, कारण ती लेन्सचेच प्रतिबिंब दाखवते. फोटोफ्रेमची स्वच्छ पातळ काच नाणे आणि लेन्स यांच्यामध्ये ४५ अंशांत धरून ठेवा, दिवा बाजूने आडवा काचेवर टाका, म्हणजे उजेड काचेवरून सरळ खाली नाण्यावर पडतो आणि परत वर लेन्समध्ये येतो. दिव्याच्या समोरच्या बाजूला काळे कापड लावा, नाहीतर भिंतीचे प्रतिबिंब चित्रावर तरंगते. टोनिंगचे निळे-जांभळे रंग या पद्धतीत खुलतात. साध्या चमकदार नाण्याला मात्र ती लावू नका, ते सपाट दिसते.

स्लॅबमधल्या नाण्याचा फोटो काढताना प्लॅस्टिकचा ओरखडा नाण्याचा समजला जातो. डोके थोडे बाजूला घेऊन बघा: प्लॅस्टिकवरचा ओरखडा नाण्यावरून सरकतो, नाण्यावरचा जागच्या जागी राहतो.

संगणकावर फक्त कापणे, सरळ करणे आणि उजेडाची किरकोळ दुरुस्ती. रंग वाढवणे आणि कडा तीक्ष्ण करणे बंद. शेवटी नाणे त्याच दिव्याखाली पडद्याशेजारी धरून ताडून बघा.

नाणी भारतात असतील आणि ग्रेडिंगसाठी अमेरिकेला पाठवायचा विचार असेल तर थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि पुरावस्तू देशाबाहेर पाठवण्यावर बंधन आहे. शेवटचा जुना मॉर्गन १९२१ चा, म्हणजे तोही शंभरी ओलांडून गेला. कुरिअर करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा. परदेशात राहणाऱ्यांना ही अडचण नाही, पण सर्वसामान्य सालाच्या ६३-६४ च्या नाण्याला ग्रेडिंगचा आणि पोस्टाचा खर्च बहुधा परवडत नाही.

दुसऱ्या संग्राहकांचे मत घ्यायचे तर प्रत्येक नाण्याचे हे फोटो द्या: दोन्ही बाजू समोरून, दर्शनी बाजू दोन वेगवेगळ्या कलांत, पट्टा गालावर आणि पट्टा कपाळावर असताना, कानावरच्या केसांचा आणि गरुडाच्या छातीचा जवळून एकेक, मिंट मार्क आणि कडेच्या खाचा. सोबत वजन दोन दशांशांपर्यंत लिहा. तुमच्या वर्णनावरून १८८३-ओ हे कमी ठोकलेले ६२ किंवा ६३ असण्याची शक्यता मला जास्त वाटते. १८८१-एस बद्दल बोलण्याआधी गालावर पट्टा असतानाचा तो एक फोटो बघायला हवा.